आधी हाताक, मगे तोंडाक

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेले एक-दोन मुद्दे लिहिताना घातले आहेत.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली, तू एआयवर बोल." मी हो म्हटलं होतं. पण मध्यंतरी आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक प्रकार घडला आणि मी विषय बदलला.

गणपतीत मी गावी आले होते. आईने फडताळातून मुठेलाचा गोळा काढून दिला, त्याचा फोटो मी ग्रुपवर टाकला. रात्रीपर्यंत साठ-सत्तर मेसेज! कुणाला आजी आठवली, कुणाला पायाच्या भेगा. मग सुरू झाले उपाय. चेहऱ्याला लिंबू चोळा, खाण्याचा सोडा लावा, पिंपलवर टूथपेस्ट लावा. मी जरा शंका काढली, तर उत्तर आलं, "अगं, घरचंच तर आहे. नॅचरल आहे. त्याने काय होणार?"

त्या वाक्यापाशी मी थांबले. कारण हेच वाक्य आठवीत असताना मी स्वतः एका मैत्रिणीला म्हटलं होतं. त्याची खूण तिच्या हनुवटीखाली अजून आहे. ती आज समोर तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि तिला विचारूनच मी हे सांगते आहे.

मे महिना होता. तिच्या हनुवटीखाली एक चामखीळ होती आणि वर्गातली मुलं तिला त्यावरून चिडवायची. (ती मुलंही इथेच बसली आहेत. नावं घेत नाही.) पायाच्या कुरुपावर काजूच्या बियेचं तेल लावतात, हे मी कुठेतरी ऐकलं होतं. कुरूप जळतं तर चामखीळही जळेल, हा माझा हिशेब. परड्यात ओल्या बिया पडलेल्या होत्या. एक फोडली, टरफलातलं तेल काडीच्या टोकावर घेतलं आणि तिला म्हटलं, "झाडाचंच आहे, काय होणार?"

संध्याकाळी आग व्हायला लागली. दुसऱ्या दिवशी फोड आला. तिने हात लावला, तोच हात मानेला लागला, तिथेही फोड आले. तिच्या आईने तिला डॉक्टरांकडे नेलं. जखम भरायला सुट्टी संपली. चामखीळ गेली खरी, पण तिच्या जागी डाग राहिला. घरी तिने सांगितलं, "मीच लावलं." माझं नाव घेतलं नाही. बत्तीस वर्षं घेतलं नाही.

माझ्या घरी मात्र आजीला कळलं. माझ्या बोटांची टोकं काळी पडून साल निघत होती. आजीने हात उलटा करून पाहिला. "गो, बोटां कशान काळी झाली? कोणाक लावलंस?" मी रडत सांगितलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "ह्या कोणाच्याच आंगाक लावचा नसता."

माझी आजी शाळेत गेली नव्हती. पण अंगाला काय लावायचं याच्याइतकंच काय लावायचं नाही हेही तिला पाठ होतं. आपण मोठे झालो, शहरात गेलो, तेव्हा तिच्या ज्ञानातला पहिला अर्धा भाग बरोबर नेला. दुसरा अर्धा इथेच राहिला. मला आज त्या राहिलेल्या अर्ध्या भागाबद्दल बोलायचं आहे.

काजूच्या टरफलात असं काय असतं? आंबा, काजू आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. आंब्याच्या देठाचा चीक ओठांच्या कडेला लागून तोंड उतलेलं आपल्यापैकी प्रत्येकाला आठवत असेल. बिब्बा उतला म्हणजे काय होतं, हे जुन्या माणसांना सांगायला नको. काजूच्या टरफलातलं तेल त्याच जातीचं, आणि आंब्याच्या चिकापेक्षा फारच जहाल. वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यांत बिया फोडणाऱ्या बायकांचे हात पाहा, म्हणजे कळेल. शंभर टक्के नैसर्गिक, शंभर टक्के आपल्या परड्यातलं, आणि तरीही कातडी जाळणारं. तेव्हा 'नॅचरल' हा शब्द वस्तू कुठून आली ते सांगतो. ती अंगाला चालेल की नाही, हे तो सांगत नाही.

आता मुठेलाकडे येते, कारण आजीच्या ज्ञानाचा पहिला अर्धा भागही मोठा होता.

उन्हाळ्यात रातांबे फोडून सोलं वाळत घातली की बिया उरतात. त्या धुऊन कडकडीत वाळवायच्या, पाऊस यायच्या आत. मग फोडून वरची साल काढायची, आतला गर कुटून बारीक करायचा आणि पाण्यात घालून उकळत ठेवायचा. तेल वर येतं. रात्रभर निवलं की ते घट्ट होतं. ते काढून हाताने वळायचं. मुठीत वळतात म्हणून मुठेल, असं आई सांगते. कुणी कोकमतेल म्हणतं, गोव्याकडे भिरंडेल म्हणतात. जगाच्या बाजारात तेच 'कोकम बटर' नावाने क्रीममध्ये आणि लिपस्टिकमध्ये जातं.

ते भेगांवर का चालतं? खोबरेल साधारण २४-२५ अंशांना वितळतं, म्हणून आपल्याकडे ते बहुतेक वर्षभर पातळच असतं. मुठेल वितळायला चाळीस अंशांच्या आसपास ऊब लागते, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा थोडी जास्त. त्यामुळे ते टाचेवर लावलं की वाहून जात नाही, थर धरून बसतं. त्या थराखाली कातडीतलं पाणी उडून जात नाही, कातडी मऊ राहते आणि भेग आतून भरत येते. लावणीच्या दिवसांत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवलं नव्हतं. रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, घासून, नीट पुसून, मुठेल लावून त्या जुनेर गुंडाळून झोपायच्या. क्रम महत्त्वाचा: आधी भिजवणं, मग पुसणं, मग तेल.

इथे एक खबरदारी, खास आपल्या वयाच्या लोकांसाठी आणि आपल्या सर-बाईंसाठी. मुठेल दिव्यावर वितळवून त्याचे गरम थेंब भेगेत सोडायची पद्धत आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हे करू नये. मधुमेहात पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. चटका बसला तरी कळत नाही, आणि ती जखम भरता भरत नाही. मुठेल तळव्यावर घासून मऊ करा आणि मग लावा. भेग खोल असेल, रक्त येत असेल, तर सरळ डॉक्टरांकडे जा. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांनाही मुठेल नको. तिथे ओल साचून बुरशी झालेली असते. जागा कोरडी ठेवणं आणि डॉक्टरांचं औषध, हाच उपाय.

आजीची दुसरी गोष्ट कानाची. डोक्याला लावायच्या तेलात ती जास्वंदीची पानं, माका आणि ब्राह्मी घालायची. लोखंडी कढईत खोबरेल मंद आचेवर ठेवायचं आणि पाला कुटून टाकायचा. तो चुरचुरायला लागायचा. आम्ही विचारायचो, "झाला काय?" ती म्हणायची, "तेल गप झाला काय उतरव." मला वाटायचं, ही नुसती बोलायची पद्धत आहे. पुढे कळलं की ती पाण्याची परीक्षा होती. पाल्यातलं पाणी उडत असतं तोवर तेल आवाज करतं. आवाज थांबला म्हणजे पाणी संपलं. पाणी राहिलं तर पाला सडतो, तेलाला वास येतो, बुरशी धरते. खोबरंही कडक वाळवल्याशिवाय घाण्यावर नेत नाहीत, त्याचं कारणही तेच.

यातून एक साधा नियम निघतो आणि तो मी माझ्या फ्रिजवर लिहून लावला आहे. घरी केलेल्या वस्तू दोन प्रकारच्या: पाणी असलेल्या आणि पाणी नसलेल्या. मुठेल, नीट कढवलेलं तेल, कोरडं उटणं, शिकेकाईची पूड यांच्यात पाणी नाही. कोरड्या बरणीत, कोरड्या हाताने घेतल्या तर त्या काही महिने टिकतात. पण नारळाचा रस, दह्यात कालवलेलं पीठ, कोरफडीचा गर, गुलाबपाण्यातली माती यांच्यात पाणी आहे. ते त्याच वेळी करायचं, त्याच वेळी लावायचं आणि उरलेलं टाकून द्यायचं. दुकानातल्या क्रीमच्या डबीवर परिरक्षकाचं नाव वाचून आपण नाक मुरडतो. पण पाणी आणि तेल एकत्र असलेली वस्तू महिनोन्‌महिने बाथरूममध्ये ठेवायची, तर जंतूंना अडवायला काहीतरी घालावंच लागतं. चावदिसाच्या पहाटे आई नारळाच्या रसात उटणं कालवायची, कारीट फोडून आलो की अंगाला चोळायची, आणि वाटी तिथेच विसळायची. दुसऱ्या दिवसासाठी तिने कधी ठेवलं नाही.

खोबरेल तेलाबद्दल एक शास्त्रीय पुरावाही आहे. २००३ साली आरती रेळे आणि आर. बी. मोहिले या दोन संशोधकांनी खनिज तेल, सूर्यफूल तेल आणि खोबरेल यांची केसांवर तुलना करून निबंध प्रसिद्ध केला. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर लावलं असता केसांतल्या प्रथिनांची झीज खोबरेलाने कमी झाली, बाकी दोघांनी झाली नाही, असा त्याचा निष्कर्ष. खोबरेलातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं, असं त्यांनी कारण दिलं. हे संशोधक मॅरिको कंपनीतले, आणि मॅरिको म्हणजे पॅराशूटवाले, हेही मी सांगायला हवं. निष्कर्ष मला पटतो. पण सांगणारा कोण हेही विचारायचं, ही सवय आपल्याला याच शाळेने लावली. आणि ध्यानात घ्या, केस कमी झिजतात एवढंच त्यात आहे. टकलावर केस उगवतात, असं त्यात कुठेही नाही. (मागच्या रांगेतल्या मित्रांनी निराश होऊ नये.)

आता लिंबू. आपल्या विज्ञानाच्या बाई इथे आहेत. बाई, तुम्ही आम्हाला कोकमाच्या आगळात सोडा टाकून दाखवला होता, आठवतंय? लाल आगळ बघता बघता निळसर-काळपट झालं होतं. हळदीच्या कागदावर साबणाचं पाणी टाकलं, तो लाल झाला. आम्ल आणि अल्कली आम्ही तेव्हाच शिकलो. तोच धडा तोंडाला लावू. आपल्या कातडीचा पीएच साधारण ५ च्या आसपास असतो, म्हणजे ती किंचित आंबट. लिंबाचा रस २ च्या जवळपास. साध्या साबणाचं पाणी ९-१०. खाण्याच्या सोड्याचं पाणी ८ च्या वर. पीएचच्या मोजणीत एक पायरी म्हणजे दहापट. म्हणजे लिंबू कातडीपेक्षा शेकडो पटींनी आम्ल. रोज एकदा लिंबू आणि एकदा सोडा चोळला, तर कातडीचं वरचं संरक्षक कवच टिकेल कसं?

लिंबाचं दुसरं दुखणं जास्त वाईट आहे. लिंबाच्या सालीत आणि रसात अशी द्रव्यं असतात की ती कातडीवर असताना ऊन लागलं, तर तिथे भाजल्यासारखे फोड येऊ शकतात, आणि मग काळे डाग, जे महिनोन्‌महिने जात नाहीत. लिंबू लावून अंधारात बसलात तर वाचाल. पण आपण किनाऱ्यावरचे लोक. लिंबू लावून मे महिन्यात मालवणच्या बंदरावर उभं राहिलं की उजळायचं सोडून डाग पडायचे.

उजळणं. हा शब्द आलाच आहे तर त्याबद्दल बोलायलाच हवं.

मी सावळी. तुम्ही सगळ्यांनी मला पाहिलंय. लहानपणी माझ्यासाठी साय-बेसन-हळद कालवली जायची, ती कातडी मऊ व्हावी म्हणून नव्हती. ती 'उद्या दाखवायला अडचण नको' म्हणून होती. फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली. आपण जन्मलो तेव्हापासून ती आपल्या घरातल्या आरशाच्या फळीवर होती. २०२० साली कंपनीने नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. नाव बदलायला पंचेचाळीस वर्षं लागली. घरातलं बोलणं बदलायला किती लागतील, माहीत नाही. गेल्या वर्षी माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने उटण्याची वाटी हातात घेऊन विचारलं, "आई, यानं मी उजळेन?" मी तिला असलं काही कधी शिकवलं नव्हतं. तरी ते तिच्यापर्यंत पोचलंच होतं.

तिला जे सांगितलं तेच इथे सांगते. उटण्याने अंगावरचा मळ, जास्तीचं तेल आणि मेलेली कातडी निघते. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा यांचा छान वास येतो. पहाटे आईचा हात पाठीवरून फिरतो. एवढं होतं, आणि तेवढ्यासाठी ते करायचं. रंग बदलत नाही. रंग ही कातडीची घाण नाही की घासून निघावी. जे कुणी आठवड्यात रंग बदलून देतो म्हणतात, त्यांच्या डबीत काय आहे याची मात्र मला भीती वाटते. अशा कित्येक क्रीममध्ये स्टिरॉइड किंवा पारा सापडलेला आहे. स्टिरॉइड चेहऱ्यावर बरेच दिवस लावलं की कातडी पातळ होते, लाल होते, आणि मग ते सोडताही येत नाही. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते चेहऱ्याला लावू नका, मुलींनाही लावू देऊ नका.

मग घरचं काही करायचंच नाही का? जरूर करायचं. मी स्वतः करते. पण आजीच्या पद्धतीने. नवीन काहीही आणलं, अगदी शेजारणीने प्रेमाने दिलेलं उटणं असलं तरी, आजी म्हणायची, "आधी हाताक लाव. रात जावंदे. काय झाला नाय तर मगे तोंडाक."

गेली वीस-बावीस वर्षं मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते. आम्ही प्रोग्राममध्ये एखादा बदल केला की तो सगळ्या ग्राहकांकडे एकदम पाठवत नाही. आधी थोड्या जणांकडे पाठवतो, वाट बघतो, काही बिघडलं तर परत घेतो. हे शिकवण्यासाठी कंपनी मोठमोठी प्रशिक्षणं घेते. पहिल्या प्रशिक्षणात मी हसले होते, कारण समोरचा तरुण मला माझ्या आजीचंच वाक्य इंग्रजीत सांगत होता. त्वचेचे डॉक्टरही तेच सांगतात. कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावा, एक-दोन दिवस थांबा, खाज-लाली आली नाही तरच पुढे जा.

आपल्या किनाऱ्यावर उंडीची झाडं आहेत. त्या बियांचं तेल पूर्वी दिव्याला जाळायचे, दुखऱ्या सांध्यांना चोळायचे. तेच तेल आज 'टमानू ऑइल' नावाने इवल्याशा बाटलीत महाग विकलं जातं. म्हणजे आपल्या परड्याची किंमत जगाला कळली आहे. बाटलीवर नाव येतं, भाव येतो. आजीचं "आधी हाताक" मात्र त्या बाटलीवर कुणी छापत नाही.

म्हणून माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या आया अजून आहेत, काहींच्या आज्याही आहेत. त्यांच्याकडून कृती लिहून घ्या. पण नुसतं काय घालायचं ते लिहू नका. किती घालायचं, किती वेळ ठेवायचं, किती दिवस टिकतं, कोणत्या ऋतूत करायचं, कोणाला लावायचं नाही, आणि एकदा काय बिघडलं होतं, हे सगळं विचारा. शेवटचा प्रश्न विसरू नका. बायका चुका सांगायला लाजतात, कारण त्यांना कुणी विचारलेलंच नसतं. माझी आजी गेली तेव्हा तेल कसं करायचं ते मला माहीत होतं. आणखी काय काय 'लावचा नसता', ते तिच्याबरोबर गेलं.

शेवटी तिसऱ्या रांगेकडे बघून बोलते. बत्तीस वर्षांपूर्वी मी तुझ्या हनुवटीला जे लावलं, ते माझ्या स्वतःच्या हाताला आधी लावून पाहिलं नव्हतं. चुकले. सगळ्यांसमोर माफी मागते.



(ता. क. भाषण संपल्यावर जेवणाच्या रांगेत ती मागून आली. म्हणाली, "त्या डागाचा सोड गो. माझा खोडरबर तू अजून देवक नाय." मी आईकडून आणलेल्या मुठेलातला अर्धा गोळा तिला दिला. तिने तो हातावर घासून बघितला आणि पर्समध्ये टाकला. खोडरबर पुढच्या मेळाव्याला आणते.)